वरच्या सज्जात एक जागा

१

दर शनिवारी सकाळी कॉरिंथ थिएटरचं कुलूप मी उघडायचे. आधी लॉबीतले दिवे, मग कॉफीचं मोठं भांडं, मग बेकरीतून आणलेला डोनटांचा खोका टेबलावर. तेवढ्यात माणसं जमायला लागायची. कधी चर्चच्या सहलीबरोबर आलेले म्हातारे, कधी नदीपलीकडून, केंटकीतून पोरंबाळं घेऊन आलेली कुटुंबं. उद्घाटन अजून व्हायचं होतं, तरी मी घसा खाकरून त्यांना थिएटर दाखवायला आणि त्याची माहिती सांगायला सुरुवात करायचे.

मी लॉरेन हॉस्टेटलर. गावच्या शाळेत जन्मभर नाटक आणि वक्तृत्व शिकवलं, त्यामुळे बोलायला लागले की मला आवरणं कठीण. चार माणसं माना वर करून आपलं ऐकताहेत, यासारखं सुख नाही. निदान तेव्हा मला तसं वाटायचं.

कॉरिंथचा इतिहास माझ्या जिभेवर होता. सुरुवातीला व्हॉडव्हिल. एकाच तिकिटात गाणी, नाच, नकला, जादू आणि सायकल चालवणारी कुत्री. मग मूकपट, मग बोलपट. छताला निळं आकाश आणि त्यात चांदण्यांचे बल्ब. पुढे टीव्ही आला, थिएटर ओस पडलं, कबुतरं शिरली, पाडापाडीची भाषा सुरू झाली, आणि मग आम्ही गावकऱ्यांनी ते वाचवलं. ‘आम्ही’ म्हणताना मी छातीवर हात ठेवायचे.

सगळ्यांना आवडायचा तो लॉबीतला दिव्यांचा फलक. पितळी चौकट, त्यात ओळीनं छोटे बल्ब, प्रत्येक बल्बखाली त्या त्या भागाच्या नावाची पाटी. पूर्वी खेळ दिवसभर सलग चालायचे, माणसं मध्येच येत, मध्येच उठून जात. आत अंधार. जागा रिकामी झाली हे बाहेर कळणार कसं? तर आत ठिकठिकाणी पांढरे हातमोजे घातलेले डोअरकीपर उभे असत. आपल्या भागात जागा झाली की त्यांनी भिंतीतलं बटण दाबायचं, की इथं लॉबीत त्या भागाचा दिवा लागायचा. दिवा लागला की माणूस आत पाठवायचा. जागा भरली की दिवा बंद.

आतली बटणं कधीच गेली होती. म्हणून आमच्या आर्लो इलेक्ट्रिशियननं फलकाच्या बाजूला एकच खटका बसवून दिला होता. मी तो दाबायचे, सगळे दिवे एकदम लागायचे, लोक आहाहा करायचे. एक तेवढा लागायचा नाही. सगळ्यात वर, इतरांपासून तुटक बसलेला. त्याच्याखाली पाटी नव्हती, फक्त स्क्रूची दोन भोकं होती.

“आणि हा वरचा?” मी म्हणायचे. “हा जादाचा. बाकीच्यांपैकी कुणी रजेवर गेला तर!”

हशा हमखास.

त्या शनिवारीही हशा झाला. मी खटका बंद केला, दिवे गेले. मंडळींना आत जायच्या दाराकडे वळवलं आणि सहज मागे पाहिलं. वरचा तो एकटा दिवा लागलेला होता.

२

तो दिवा कशाचा, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. गावातल्या माझ्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही एवढंच. बाल्कनीच्याही वर आणखी एक सज्जा होता. काळ्या लोकांसाठी. त्यांनी पुढच्या दारानं यायचं नाही. बाजूच्या बोळात त्यांचं वेगळं दार, वेगळी तिकीट खिडकी, आणि तिथून सरळ वर जाणारा जिना. तो जिना मध्ये कुठंही बाकीच्या थिएटरला मिळत नव्हता. वर गुबगुबीत खुर्च्या नाहीत, लाकडी बाकं.

दुरुस्तीच्या वेळी आम्ही छताचं निळं आकाश पुढे वाढवलं आणि तो सज्जा झाकून टाकला. बाकं त्या चिंचोळ्या जिन्यातून खाली आणायचा कंटाळा केला, ती वर तशीच राहिली. बोळातल्या भिंतीवर एका चित्रकाराकडून व्हॉडव्हिलची मंडळी रंगवून घेतली. दाराची मूठ काढली आणि दारावर एक विदूषक आला, टोपी उंच धरून हसणारा.

माझ्या माहितीच्या पहिल्या खर्ड्यात हे सगळं होतं. खोटं कशाला सांगू, होतं. रेक्स डनवुडीनं तो वाचला. रेक्स आमच्या थिएटर-समितीचा अध्यक्ष, हायवेवरच्या मोटारींच्या शोरूमचा मालक. उभा असला की खिशात हात घालून सारखा किल्ल्या खुळखुळवतो.

“लॉरेन, हे काय मध्येच घातलंयस?”

“खरं आहे ते, रेक्स.”

“खोटं कोण म्हणतंय? पण लोक सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन येणार. त्यांना कुत्र्यांचं सांग की! उगाच तोंड कडू कशाला करायचं?”

“चार ओळी तर आहेत.”

“अगं, आपण नाकारत थोडेच आहोत? फक्त विषय काढायचा नाही.” किल्ल्या वाजल्या. “आणि उद्घाटनाला माईक कुणाच्या हातात द्यायचा ते ठरायचंय हं अजून.”

ठरायचंय म्हणे! मला हवा होता तो माईक. सबंध गाव भरलेलं, झोत माझ्यावर, आणि मी बोलतेय. शाळेच्या हॉलमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना बोलतं करण्यात माझा जन्म गेला होता. मी पेन्सिल काढली आणि त्या ओळी स्वतःच्या हातानं खोडल्या. त्यानं खोड असं म्हटलंसुद्धा नव्हतं.

३

पुढच्या शनिवारी लुवेनिया टॉलिव्हर आल्या. त्यांना गावात कोण ओळखत नाही? किती वर्षं वाचनालयाच्या खिडकीशी बसायच्या, माझ्या निम्म्या विद्यार्थ्यांना पुस्तकांची गोडी त्यांनीच लावली. आता नव्वदीला टेकल्यात. हातात काठी, डोक्यावर जांभळी हॅट, आणि जीभ अजून तशीच. मला त्या धाकट्या बहिणीसारखं वागवतात.

त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग लॉबीत परत आल्यावर म्हणाल्या, “लॉरेन, वर जायचा जिना आता कुठून गं? आई मला जिथं बसवायची ती जागा बघायची होती.”

त्या दिवशी घोळक्यात रेक्सही होता. इंडियानापोलिसहून आलेल्या दोघा पाहुण्यांना मिरवत होता. त्याच्या किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

“वर?” मी म्हटलं. माझा आवाज किती गोड निघाला म्हणून सांगू! “वर तर काहीच नाही, मिसेस टॉलिव्हर. छत आणि यंत्रं. तुमची दुसऱ्या कुठल्या थिएटरशी गल्लत होत असेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग परवडला असता.

“असेल बाई,” त्या म्हणाल्या. “म्हातारं माणूस मी. गल्लत व्हायचीच.”

लोक कौतुकानं हसले, आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. अजून तो हसण्याचा आवाज आठवला की जेवण जात नाही.

त्या काठी टेकत फलकापाशी गेल्या. “आम्हाला या दालनात यायची सोय नव्हती. हे काय असतं, मला माहीत नाही. सांग बघू.”

मी सांगितलं. दिवा लागला म्हणजे जागा आहे, माणूस पाठवा. जागा भरली की दिवा बंद.

“आणि तो वरचा?”

“तो जादाचा, म्हणजे...”

“लागलाय तो.”

लागला होता. मी खटक्याला हातही लावलेला नव्हता.

“वायरिंगचं काहीतरी असेल,” मी म्हटलं.

“असं होय? मग दिवा लागलाय तर पाठव की कुणाला तरी!” असं म्हणून त्यांनी एक डोनट कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि पुढच्या दारानं सावकाश निघून गेल्या.

४

आर्लोला बोलावलं. त्यानं फलक भिंतीपासून पुढे ओढला, मागे टॉर्च मारला आणि शीळ घातली.

“लॉरेन, याला वायरच नाही. हा कशालाच जोडलेला नाही.”

“मग लागतो कसा?”

“भाव खातोय, दुसरं काय! जुना माल आहे.” त्यानं बल्ब फिरवून काढला. दिवा विझला. बल्ब त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. कोंबडीखालून नुकतंच काढलेलं अंडं असतं ना, तसा कोमट. आर्लोनं पेटीतून नवा बल्ब काढून लावला. तोही लागला.

आर्लो हसला. मग हसायचा थांबला. “राहू दे,” म्हणाला. “कुणाचं काय बिघडतंय?” त्या दिवसापासून तो मागच्या दारानं ये-जा करायला लागला.

मी शिकलेली बाई. भिंतीत ओल असेल, पितळ वीज धरत असेल, मला काय कळतंय त्यातलं, अशी मी मनाची समजूत घालायचे. आणि ती पटायचीही. टाळीचा प्रकार झाला नसता तर पटलेलीच राहिली असती.

आत गेल्यावर मी स्टेजवर उभी राहून एक टाळी वाजवायचे. आवाज सगळीकडे कसा स्वच्छ पोचतो हे दाखवायला. मंडळी खाली खुर्च्यांत बसलेली. टाळी वाजायची, छतापर्यंत जायची, विरायची. त्या शनिवारी ती विरल्यावर वरून आवाज आला. त्या निळ्या आकाशाच्या मागून.

आवाज भीतीदायक नव्हता, हेच तर! रोजचा होता. उशिरा आलेल्या माणसाला चर्चमध्ये जागा द्यायची म्हणून आख्खी ओळ बाकावर सरकते. लाकडावर कापड घासतं, एखादा बूट लागतो, कुणीतरी पर्स उचलून मांडीवर घेतं. तो आवाज. एका टोकाला सुरू झाला, दुसऱ्या टोकाला संपला. मग शांत.

“वर कुणी आहे का हो?” एका म्हाताऱ्या गृहस्थानं विचारलं.

“कबुतरं!” मी म्हटलं. बघा, विचारसुद्धा करावा लागला नाही. उत्तर तोंडात तयारच.

नंतर प्रत्येक शनिवारी तेच व्हायला लागलं. मी टाळी सोडून दिली. तरी मी तो जादाच्या दिव्याचा विनोद लॉबीत केला, की वर कुणीतरी सरकायचं. आणि विनोद मी काही सोडला नाही, कारण हशा हमखास होता.

५

उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात मी पीच भरून गोड पेस्ट्री भाजली आणि लुवेनियाबाईंच्या घरी गेले. माफी मागायची म्हणून गेले होते. त्यांच्या ओसरीवर बसल्यावर पेस्ट्री कशी झालीय यावरच अर्धा तास बोलत राहिले.

“साखर जास्त पडलीय,” त्या म्हणाल्या. “मनात काहीतरी असलं की माणसाची साखर जास्त पडते. बोल आता.”

मला बोलता येईना. मला! शेवटी त्याच बोलल्या.

“आमच्याकडे खुर्च्यांना नंबर नव्हते. जो आधी येईल त्यानं बाकावर टोपी ठेवायची, कोट ठेवायचा, मागून येणाऱ्याची जागा धरायची. कितीही गर्दी असू दे, आख्खा बाक सरकायचा. आम्ही कुणाला कधी परत पाठवलं नाही. माझी आई तर कामावरून थेट यायची, पिक्चर अर्धा झाल्यावर, तरी तिची जागा तिथं असायचीच.” त्यांनी बशी खाली ठेवली. “वरून खाली पाहिलं की नुसती डोकी दिसायची. तुझ्या आजोबांचं, रेक्सच्या आजोबांचं. एकानंसुद्धा कधी मागे वळून वर पाहिलं नाही.”

“मिसेस टॉलिव्हर, त्या दिवशी मी...”

“माफी नको मला. ती तुझ्याजवळ ठेव. रविवारी उद्घाटनाला स्टेजवरून एकदा म्हण. मोठ्यानं. वर सज्जा होता, आम्ही तिथं बसत होतो, बोळातल्या दारानं येत होतो. आख्ख्या गावादेखत, मी जिवंत आहे तोवर. एकदा ऐकलं की झालं माझं.”

“म्हणेन.”

“शब्द?”

“शब्द,” मी म्हटलं, आणि त्या क्षणी मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

६

रविवारची दुपार. बाहेर लख्ख ऊन, आत छतावरची नेहमीची ती संध्याकाळ. एक खुर्ची रिकामी नव्हती. महापौर, त्यांचं कुटुंब, शाळेचा बँड, माझे किती जुने विद्यार्थी. स्टेजवर जायच्या आधी मी लॉबीत डोकावले. फलक अंधारात होता आणि वरचा दिवा लागलेला.

मी निळा पोशाख घातला होता. झोत माझ्यावर पडला तेव्हा टाळ्यांचा जो आवाज आला, त्यानं माझे डोळे भरून आले. मी कुत्र्यांचं सांगितलं. मूकपटांचं, ऑर्गनचं, कबुतरांचं सांगितलं. लोक खुश होते. लुवेनियाबाई मधल्या वाटेच्या कडेला बसल्या होत्या, जांभळी हॅट मला स्पष्ट दिसत होती. काठी दोन्ही हातांनी धरून त्या जराशा पुढे झुकल्या होत्या.

मी फलकाच्या गोष्टीपर्यंत आले. तिथंच म्हणायचं ठरवलं होतं. “आणि सगळ्यात वर एक दिवा आहे,” मी म्हटलं, “त्याच्याखाली पाटी नाही.”

पहिल्या रांगेत रेक्स. हसत होता, पण हात खिशात गेला. त्याच्या शेजारी महापौरीणबाई तोंड अर्धं उघडून वाट बघत होत्या. लोक हसायच्या तयारीत असले की त्यांचे चेहरे कसे होतात, हे मला फार चांगलं कळतं. त्यांना निराश करणं मला जमत नाही. जमलंच नाही कधी.

“तो जादाचा,” मी म्हटलं. “बाकीच्यांपैकी कुणी रजेवर गेला तर!”

असा हशा मला आयुष्यात मिळाला नव्हता.

तो ओसरला आणि मग वरून तो आवाज आला. यावेळी तो एकाच बाकाचा नव्हता. सगळी बाकं. सावकाश, न धुसफुसता, माणसं सरकत होती. पुढच्या रांगांतल्या काही जणांनी छताकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

लुवेनियाबाई उठल्या. काठी टेकत मधल्या वाटेनं दाराकडे निघाल्या. आख्खं गाव बघत होतं, आणि मी बोलत राहिले. दुरुस्तीला कुणाकुणाचा हातभार लागला त्यांची नावं वाचत राहिले.

७

बँड सुरू झाला तशी मी लॉबीत धावले. त्या फलकासमोर उभ्या होत्या, मान वर करून.

“मिसेस टॉलिव्हर, मी... ऐनवेळी...”

“मला आधी वाटलं, हा मला बोलावतोय,” त्या दिव्याकडे बघत म्हणाल्या. “वाटलं, आई असेल, जागा धरून बसलेली. म्हटलं, जावं. मग म्हटलं, का म्हणून? मी तिथं पुष्कळ बसलेय.” त्यांनी हॅट नीट केली. “ती जागा माझी नाही, लॉरेन. आता तुलाही कळलंय कुणाची ते.”

मी बोळात कशी गेले ते सांगता येत नाही. उन्हात विदूषकाचे दात चमकत होते. त्याच्या कोटावर एक काळी उभी फट पडली होती. दार आतल्या बाजूला किलकिलं होतं.

जिना फार चिंचोळा होता. दोन्ही खांदे भिंतींना लागत होते. कुठं वळण नाही, कठडा नाही. वर हवेचे पत्र्याचे नळ असणार, धूळ असणार, आणि समोर आकाशाची मागची बाजू, प्लास्टरची. मी हे सगळं मनाशी घोकत चढत होते.

वर नळ नव्हते. समोर प्लास्टर नव्हतं. खूप खाली, दूर, उजेडात स्टेज दिसत होतं, आणि त्यावर निळ्या पोशाखातली एक बाई छातीवर हात ठेवून बोलत होती. शब्द न् शब्द वर येत होता. कॉरिंथमध्ये आवाज स्वच्छ पोचतो. “तो जादाचा,” ती म्हणाली, आणि खालून हशा उसळला.

वर कुणी हसलं नाही. अंधाराला माझे डोळे सरावत होते. पाठी दिसल्या. खांदे, रविवारच्या हॅट, एका बाईच्या मानेवरची नीट इस्त्री केलेली कॉलर. सगळे खाली बघत, शांतपणे ऐकत होते. माझ्या अगदी जवळच्या बाकावर, टोकाला, एक माणूस मावेल एवढी जागा होती. तिथं एक तपकिरी कोट ठेवलेला होता. मी बघत असताना एक हात आला, कोट उचलून त्यानं मांडीवर घेतला, आणि बाक सरकला. मला आणखी ऐसपैस बसता यावं म्हणून.

कुणी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. त्यांनी मला हुसकावलं असतं तर मी उभी राहू शकले असते. पण ते सरकले, आणि मी पळाले.

८

पुढच्या शनिवारी सकाळी फलकावर नवी पाटी होती. जुन्या पाट्यांसारखीच, त्याच वळणाच्या अक्षरांत: ‘जादाचा’. त्या जुन्या दोन भोकांत स्क्रू बसवून टाकलेली.

“तुला भेट!” रेक्स म्हणाला. “काय विनोद होता गं तो! महापौर अजून हसताहेत.”

त्या दिवशी आलेल्या माणसांना मी सगळं सांगितलं. पाटीखाली उभी राहून, बोळातल्या दारासकट. स्टेजवरचा आवाज लागलाच नाही, नुसतंच पुटपुटल्यासारखं झालं. लोक आपल्या बुटांकडे बघत राहिले. सांगून झाल्यावर मी आशेनं वर पाहिलं. दिवा लागलेलाच होता. अनोळखी दहा-बारा माणसांपुढे बोलायला काय लागतं? जिथं बोलायचं होतं तिथं मी बोलले नव्हते.

कुणीतरी तक्रार केली. रेक्सनं मला रागावून काही म्हटलं नाही. उद्घाटनाचं माझं भाषण ध्वनिमुद्रित केलेलं होतंच, तेच आता शनिवारी लॉबीत लावायचं ठरवलं. “तुलाही आराम,” तो म्हणाला. त्यामुळे आता मी गेले काय, राहिले काय, माझा आवाज तिथं आहे. दर शनिवारी तो विनोद होतो, आणि हशाही होतो.

मी लुवेनियाबाईंकडे गेले. या वेळी काही भाजून नेलं नाही.

“बसलीस का?” त्यांनी दारातच विचारलं.

“नाही. पळून आले.”

“मग धरून ठेवतील ते जागा. आमची माणसं जागा धरण्यात पक्की.”

“माझ्याबरोबर याल?”

“मी? वर?” त्या हसल्या, किती दिवसांनी. “मी पहिल्या रांगेत बसणार, मऊ खुर्चीत. शनिवारी दुपारी मूकपट आहे ना? तू जा वर. मी खालून बघेन.”

तो शनिवार आला. माणसं लॉबीत माझा आवाज ऐकत होती. मी कोट काढून हातावर घेतला आणि बोळात वळले. विदूषक हसत होता. दार ढकलावं लागलं नाही.

मी टोकाला बसले. बाक टणक होता, पाठीला आधार नव्हता, आणि पुढच्या हॅटमधून वाकून बघावं लागत होतं. खालून माझा गोड आवाज येत होता. दारांतून, भिंतींतून, शब्द न् शब्द. माझ्या शेजारच्या बाईनं तो ऐकला. तिच्या शेजारच्यानं ऐकला. कुणी मला कोपर मारलं नाही, कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या पलीकडे पाहायची माझी छाती झाली नाही. मी शेजारी कडेला ठेवलेला कोट घट्ट धरून बसले, आणि विनोद येईपर्यंत, आणि हशा संपेपर्यंत बसून राहिले. खाली तो दिवा गेला असेल, असं मला वाटलं.

मग ऑर्गन सुरू झाला. खाली नुसती डोकी. पहिल्या रांगेतली जांभळी हॅट हलली. लुवेनियाबाई काठीवर भार देऊन उठल्या, सगळ्या गावाकडे तोंड करून वळल्या आणि वर पाहिलं. खालून त्यांना निळं आकाश आणि बल्बच्या चांदण्या दिसत असणार, दुसरं काय? पण त्यांनी हात वर केला. मग माझ्या शेजारच्या बाईनं हात वर केला, आणि तिच्या पलीकडच्यांनी, आणि मागच्या बाकांवरच्यांनी. मी केला नाही. तो माझ्यासाठी नव्हता.

तेवढ्यात शेजारची बाई माझ्यापासून पलीकडे सरकली. तिच्या पलीकडचे सरकले. सगळा बाक माझ्यापासून पार त्या टोकापर्यंत सरकला आणि थांबला. माझ्या दुसऱ्या बाजूला माझा कोट, बाकाची कड आणि जिन्याचं काळं तोंड, एवढंच होतं.

खाली जिन्यात कुणीतरी चढत होतं. जड पावलं, मध्येच थांबणारी. आणि प्रत्येक पावलागणिक किल्ल्यांचा खुळखुळाट.

मी कोट उचलून मांडीवर घेतला आणि सरकले.